कोळ्याच्या धाग्यावरचा थेंब

मध्य फ्रान्समध्ये प्वी द दोम नावाचा विझलेला ज्वालामुखी आहे, उंची १,४६५ मीटर. त्याच्या माथ्यावर १८७६ पासून हवामानाची वेधशाळा आहे आणि वर्षातले कितीतरी दिवस ती ढगातच असते. दुसरे महायुद्ध संपल्यानंतरच्या काही वर्षांत या वेधशाळेतले आंरी देसांस एका अडचणीवर वाट शोधत होते. हवेत तरंगणारे मिठाचे, धुराचे, धुळीचे कण दमट हवेत पाणी ओढून घेतात आणि त्यांचे थेंब होतात, एवढे ठाऊक होते. पण हे थेंब पाहायचे कसे? काचेवर पकडलेला थेंब पसरतो, चपटा होतो, काचेवरच्या ओरखड्यांचा आणि मळाचा त्याच्यावर परिणाम होतो. हवेत असताना तो जसा वागला असता तसा तो काचेवर वागत नाही.

देसांसांनी कोळ्याचे धागे घेतले. मायक्रॉनहूनही कितीतरी बारीक असे ते धागे त्यांनी लहानशा चौकटीवर ताणले आणि त्यांवरून धूसर हवा जाऊ दिली. धाग्यावर थेंब अडकले. मग ती चौकट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यांनी भोवतालची हवा हळूहळू कोरडी केली. धागा इतका बारीक, की थेंबाला त्याचा स्पर्श नावापुरताच. थेंब जवळजवळ अधांतरीच राहतो.

पाठ्यपुस्तकाप्रमाणे काय व्हायला हवे होते? मिठाचे संपृक्त द्रावण आणि हवा यांचा समतोल साधारण ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला असतो. हवा त्याहून कोरडी झाली की थेंबातले पाणी उडून जावे आणि मागे मिठाचा स्फटिक उरावा. धाग्यावरच्या थेंबांना हा नियम मान्य नव्हता. ७० टक्क्यांना ते थोडे आक्रसले, ६० ला आणखी आक्रसले, पण थेंबच राहिले. आत जितके मीठ विरघळू शकते त्याहून जास्त मीठ घेऊन, अतिसंपृक्त अवस्थेत, ते तग धरून होते. आर्द्रता बरीच खाली गेल्यावर मात्र एका क्षणात थेंबाचा स्फटिक होई. आणि आता हवा पुन्हा दमट केली, तर तो स्फटिक ६० टक्क्यांना काही थेंब होत नसे. तो कोरडाच राही, थेट ७५ पर्यंत. जाण्याची वाट एक, येण्याची वाट दुसरी.

१९४९ मध्ये ब्रिटनच्या रॉयल मेटिऑरॉलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात देसांसांचा लेख छापून आला आणि त्याच्या शीर्षकातच कोळ्याचे धागे होते. वातावरणविज्ञानाच्या इतिहासात या लेखाला मिळते त्याहून पुष्कळ मोठी जागा मिळायला हवी, असे मला वाटते. कारण त्याने एक प्रश्न कायमचा बदलला. ६० टक्के आर्द्रतेच्या हवेतला मिठाचा कण ओला असेल की कोरडा? आत्ताच्या हवेकडे पाहून याचे उत्तर देता येत नाही. तो कण समुद्रावरच्या दमट हवेतून आला असेल तर ओला, वाळवंटावरून आला असेल तर कोरडा. कणाला भूतकाळ असतो आणि तो त्याच्या अंगावर दिसतो.

या जागेपर्यंत यायला विज्ञानाला सुमारे सत्तर वर्षे लागली होती.

जॉन एटकेन हे स्कॉटलंडमधल्या फॉल्कर्क गावचे. शिकले अभियांत्रिकी, पण प्रकृतीने साथ दिली नाही, म्हणून जहाजबांधणी सोडून घरीच प्रयोग करू लागले. डिसेंबर १८८० मध्ये त्यांनी एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे एक निबंध वाचला. त्यातला प्रयोग कोणालाही समजेल असा होता. काचेची दोन भांडी. एकात नेहमीची हवा, दुसऱ्यात कापसातून गाळून घेतलेली. दोन्हींत वाफ सोडली. पहिले भांडे धुक्याने पांढरे झाले, दुसरे स्वच्छ राहिले. वाफेला थेंब व्हायला बसायला जागा लागते आणि ती जागा धूळ देते, हे त्यांनी दाखवले. हेच पॅरिसमध्ये पॉल-जाँ कुलिए यांनी पाच वर्षे आधी दाखवले होते. कुलिए मागे पडले आणि एटकेन लक्षात राहिले, कारण एटकेन तिथे थांबले नाहीत. त्यांनी धूळ मोजायचे यंत्र बनवले, निरनिराळे पदार्थ जाळून पाहिले आणि गंधकाच्या धुराने सर्वांत दाट धुके होते हे नोंदवले. काही प्रकारची धूळ पाण्याला इतकी हपापलेली असते की हवा संपृक्त होण्याआधीच ती पाणी ओढू लागते, हेही त्यांनी ओळखले होते. कोळशावर चालणाऱ्या इंग्लंडला या दोन वाक्यांचा अर्थ पुढे फार महागात कळायचा होता.

एटकेनच्या धुळीला सिद्धान्ताची जोड मिळायला आणखी काळ गेला. अडचण लॉर्ड केल्व्हिन यांनी १८७१ मध्येच दाखवून ठेवली होती: थेंब जितका लहान तितका त्याचा पृष्ठभाग वाकडा, आणि तितके त्यातले पाणी लवकर उडते. मग अगदी लहान थेंब जन्मतात तरी कसे? याचे उत्तर नॉर्वेच्या उत्तर टोकाला मिळाले. आल्टाजवळच्या हाल्दे पर्वतावर क्रिस्तियान बिर्कलंड यांनी १८९९ मध्ये ध्रुवीय प्रकाशाच्या अभ्यासासाठी वेधशाळा बांधली होती. तिथे हिल्डिंग कोलर या स्वीडिश शास्त्रज्ञाने दगडांवर, खांबांवर साठणारे ढगातले गोठलेले तुषार गोळा केले, वितळवले आणि त्यांतले क्लोराइड मोजले. त्या पाण्यात मीठ होते, समुद्राचे. ढगाचे थेंब मिठाच्या कणाभोवती जमले होते. विरघळलेले मीठ पाण्याला धरून ठेवते, वाकडा पृष्ठभाग त्याला सोडून द्यायला बघतो, आणि या ओढाताणीत थेंबाचे भवितव्य ठरते. कोलर यांचा पहिला महत्त्वाचा निबंध १९२१ चा, आणि ज्याचा आजही दाखला दिला जातो तो १९३६ चा. ढगांविषयीचे कुठलेही पुस्तक उघडा, या ओढाताणीचा आलेख, म्हणजे कोलरचा वक्र, पहिल्या काही पानांत भेटतो.

कोलरच्या समीकरणाने थेंबाची गोष्ट सुरू होते ती मीठ विरघळल्यानंतर. कोरड्या स्फटिकाचा थेंब कधी होतो आणि थेंबाचा स्फटिक कधी, यावर ते गप्प आहे. ही बाजू लंडनमध्ये जॉन स्विट्झर ओवेन्स पाहत होते. शहरातल्या हवेचा मळ मोजणाऱ्या सरकारी समितीचे ते शास्त्रज्ञ. हवेचा झोत काचेवर आदळवून कण पकडायचे यंत्र त्यांचेच. १९२६ मध्ये त्यांनी आर्द्रताशोषक स्फटिकांवर पाणी कसे जमते यावर निबंध लिहिला. पण त्यांचे कण काचेवर होते. म्हणून पुढचा टप्पा कोळ्याच्या धाग्याचा.

थेंब स्फटिक व्हायला इतका का कचरतो? लाडवासाठी पाक करणारी बाई हे जाणते. पाकात साखरेचा एखादा दाणा पडला, भांड्याच्या कडेला कोरडी साखर राहिली, की सगळा पाक साखरतो. तसे काही नसेल तर तो मर्यादेबाहेर दाट होऊनही वाहता राहतो. स्फटिकाला सुरुवात लागते. विरघळलेले आयन योगायोगाने योग्य त्या रचनेत, पुरेशा संख्येने एकत्र आले पाहिजेत. मोठ्या भांड्यात अशी संधी सतत मिळते, आणि नाही मिळाली तरी कुठेतरी धूळ असते, ओरखडा असतो. एका मायक्रॉनच्या थेंबात ना जागा, ना मदतीला कोणी. म्हणून मिठाचा स्वच्छ थेंब ४५ टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत थेंबच राहतो. अमोनियम सल्फेट ८० टक्क्यांना विरघळते आणि ३५ च्या आसपास स्फटिक होते. या दोन आकड्यांमधले अंतर बघा. आपल्याकडे हिवाळ्याच्या दुपारी आर्द्रता किती असते? बहुतेक वेळा याच पट्ट्यात.

मात्र खऱ्या हवेत स्वच्छ थेंब दुर्मीळ असतो. १९५० च्या सुमारास जर्मनीत ख्रिस्तियान युंगे यांनी नेमके हेच बजावायला सुरुवात केली. दमट हवेत नैसर्गिक कण वाढतात खरे, पण शुद्ध मीठ वाढेल तितके वाढत नाहीत आणि ७५ टक्क्यांना एकदम उडीही मारत नाहीत. कारण त्यात मीठ असते, काजळी असते, माती असते, आणि हे सगळे एकाच कणात. युंगे त्यांना मिश्र केंद्रके म्हणत. त्याच सुमारास शॉन ट्वोमी यांनी उलट बाजूने उपयोग करून घेतला: प्रत्येक क्षार ठरलेल्या आर्द्रतेला विरघळतो, मग कण कोणत्या आर्द्रतेला थेंब होतो यावरून तो कोणत्या क्षाराचा हे ओळखता येईल. मायक्रॉनभर कणाचे रासायनिक पृथक्करण त्या काळी अशक्यच होते, त्यामुळे ही युक्ती मोलाची. पुढे युंगे माइन्झच्या माक्स प्लांक संस्थेचे संचालक झाले आणि १९७३ मध्ये पेटर विंकलर यांनी हवेतून गोळा केलेला मुद्देमाल अतिशय नाजूक तराजूवर ठेवून, आर्द्रता चढवत आणि उतरवत, तोलून दाखवला. चढतानाची रेघ आणि उतरतानाची रेघ वेगळी निघाली, आणि दोन्ही रेघा शुद्ध क्षाराच्या रेघेपेक्षा कितीतरी गुळगुळीत.

तराजूवर मात्र लाखो कणांचा ढीग असतो. एकेकट्या कणाचे म्हणणे त्यात ऐकू येत नाही. त्यासाठी कण हवेत धरून ठेवायला हवा होता, कोळ्याच्या धाग्याशिवाय. मिलिकन यांनी १९०९ पासून तेलाचा विद्युतभारित थेंब दोन पट्ट्यांमध्ये तोलून धरला होता. १९५९ मध्ये कॅलिफोर्नियात वुर्कर, शेल्टन आणि लँगम्युअर यांनी उलटसुलट होणाऱ्या विद्युतदाबाने भारित कण एका जागी अडकवून दाखवला. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत इग्नेशियस टँग आणि हॅरी मुंकेलविट्झ यांनी ही कल्पना क्षारांच्या कणांसाठी वापरली आणि जवळजवळ दोन दशके ते त्याच कामात राहिले.

त्यांची मांडणी अशी. धातूच्या वक्र पट्ट्यांमध्ये काही मायक्रॉनचा एकच भारित कण लटकलेला. खालून-वरून दिलेला स्थिर विद्युतदाब त्याचे वजन पेलतो. प्रथम सगळी हवा उपसून कण पूर्ण वाळवायचा. मग आत शुद्ध पाण्याची वाफ अगदी सावकाश सोडायची. कणाने पाणी घेतले की तो जड होतो, खाली सरकू लागतो, आणि त्याला पुन्हा मध्यावर आणायला दाब वाढवावा लागतो. आताचा दाब भागिले सुरुवातीचा दाब, म्हणजे वजन कितीपट झाले ते. वजनाचा काटा म्हणजे व्होल्टमीटर. त्याच्यावर लेसरचा किरण सोडलेला. कण स्फटिक असेल तर त्याच्यावरून उडणारा प्रकाश लुकलुकतो, कारण कोन-पैलू फिरत असतात. थेंब झाला की प्रकाश एकदम स्थिरावतो. मिठाच्या बाबतीत हे ७५.३ टक्क्यांना होते आणि तेवढ्या एका उडीत कणाचा व्यास पावणेदोन-दोनपट होतो, म्हणजे आकारमान पाच-सहापटीहून अधिक. निरभ्र वाटणारी हवा दमट झाल्यावर धूसर का होते, याचे कारण कणांचे असे पाणी घेऊन फुगणे आहे.

टँग यांचा १९७६ चा निबंध मिश्र क्षारांवर आहे. मीठ ७५ ला विरघळते, पोटॅशियम क्लोराइड ८४ ला. दोन्ही एकाच कणात असतील तर कण कधी ओला व्हायला लागेल? मधल्या कुठल्यातरी आकड्याला, असे सहज वाटते. प्रत्यक्षात ७३ च्या सुमारास, म्हणजे दोघांच्याही आधी. एका क्षाराच्या द्रावणात दुसरा विरघळला की पाणी आणखी घट्ट धरले जाते, म्हणून दोघे मिळून एकट्यापेक्षा आधी पाणी घेतात. पण सगळा कण एकदम विरघळत नाही. ठरावीक प्रमाणातले मिश्रण आधी द्रव होते, ज्या क्षाराचा अंश जास्त तो घन गाभा होऊन त्या द्रवात बसून राहतो आणि आर्द्रता आणखी चढली की मग विरघळतो. १९९१ मध्ये अँथनी वेक्सलर आणि जॉन साइनफेल्ड यांनी ऊष्मागतिकीच्या आधारे दाखवले की असे आधी ओले होणे हा अपवाद नाही, मिश्रणांचा नियमच आहे.

कोकणातल्या स्वयंपाकघरात हा नियम दर पावसाळ्यात दिसतो. मिठागरातल्या खडेमिठाला शुद्ध केलेल्या मिठापेक्षा लवकर आणि जास्त पाणी सुटते. त्यात समुद्राच्या पाण्यातले मॅग्नेशियम क्लोराइड राहिलेले असते आणि ते ३३ टक्के आर्द्रतेलाच पाणी ओढू लागते. समुद्रावरून उडालेला मिठाचा कणही तसाच, शुद्ध मिठाचा कधीच नसतो.

मिश्र थेंबात एकूण पाणी किती, याचा हिशेब मात्र अनपेक्षितपणे सोपा निघाला. क्षारसरोवरांवर काम करणारे सोव्हिएत रसायनशास्त्रज्ञ झ्दानोव्स्की यांनी १९३० च्या दशकात आणि ऑस्ट्रेलियात स्टोक्स व रॉबिन्सन यांनी १९६६ मध्ये मांडलेला नियम असा: त्या आर्द्रतेला प्रत्येक क्षार एकटा असता तर जेवढे पाणी धरता, त्यांची बेरीज करा. १९८७ मध्ये कॅलटेकमध्ये कोहेन, फ्लॅगन आणि साइनफेल्ड यांनी अधांतरी धरलेल्या थेंबांवर हा नियम अतिसंपृक्त अवस्थेतही तपासला. बाटलीतल्या द्रावणावर ही तपासणी झालीच नसती. बाटलीतले द्रावण तिथवर पोहोचण्याआधीच स्फटिक झाले असते.

तरीही एक शंका उरत होती. हे सगळे प्रयोगशाळेत ठीक आहे, पण बाहेरच्या मळकट हवेत अतिसंपृक्त थेंब टिकतात का? १९८९ मध्ये मार्क रूड आणि सहकाऱ्यांनी बाहेरची हवा उपकरणात घेतली, ती गरम करून वाळवली, पुन्हा दमट केली आणि दोन्ही वेळा कण किती प्रकाश विखुरतात ते मोजले. ४५ ते ७५ टक्के आर्द्रतेच्या पट्ट्यात अर्ध्याहून अधिक वेळा कण अशाच ‘नियमबाह्य’ ओल्या अवस्थेत सापडले. देसांस यांच्या धाग्यावरचे थेंब अपवाद नव्हते, सगळे आकाशच त्यांनी भरलेले होते.

ओले की कोरडे, याने एवढा काय फरक पडतो? डिसेंबर १९५२ मध्ये लंडनने त्याची किंमत मोजली. ५ ते ९ डिसेंबर असे पाच दिवस शहर धुरकट धुक्यात कोंडले. सुरुवातीचा अंदाज चार हजार मृत्यूंचा होता, पुढच्या अभ्यासांनी तो बारा हजारांपर्यंत नेला. कोळशाचा सल्फर डायऑक्साइड कोरड्या कणावर फारसा काही करत नाही. पाण्यात मात्र तो विरघळतो आणि सल्फेट होतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने त्या धुक्यातली साखळी जुळवली: नायट्रोजन डायऑक्साइडच्या मदतीने धुक्याच्या मोठ्या थेंबांत आम्ल तयार झाले, आणि दिवसा थेंब सुकू लागल्यावर तेच आम्ल लहान कणांत तीव्र होत गेले. लोकांच्या श्वासात ते गेले. एटकेन यांनी गंधकाच्या धुराबद्दल लिहून तेव्हा सत्तरहून अधिक वर्षे झाली होती.

महाराष्ट्राने या विज्ञानाकडे पाहिले ते दुष्काळाच्या बाजूने. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने १९७३ ते १९८६ या काळातल्या अकरा पावसाळ्यांत पुण्याच्या पूर्वेला, बारामती-अहमदनगरकडच्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात, विमानातून ढगांत दळलेले मीठ सोडले. त्यात शंखजिऱ्याची पूड मिसळलेली, म्हणजे दमट हवेत मिठाचे गोळे होऊ नयेत. मिठाचा मोठा कण ढगात शिरला की भरभर पाणी ओढून मोठा थेंब होईल आणि वाटेतल्या लहान थेंबांना गिळत खाली येईल, ही कल्पना. पेरलेल्या भागात सुमारे २४ टक्के अधिक पाऊस पडल्याचा निष्कर्ष संस्थेने काढला. पावसाचा स्वतःचाच चढउतार इतका मोठा असतो की अशा आकड्यांवर वाद होतच राहतो, आणि तो व्हायलाच हवा. पण एकाच प्रदेशात इतकी वर्षे चिकाटीने चालवलेले असे प्रयोग जगात फार थोडे आहेत. त्याच संस्थेने अलीकडे सोलापूरला पुन्हा हे काम हाती घेतले.

आतापर्यंतची गोष्ट क्षारांची झाली. १९९० च्या दशकात लक्षात आले की हवेतल्या बारीक कणांचा मोठा हिस्सा सेंद्रिय असतो: झाडांनी सोडलेल्या सुगंधी वाफांपासून, लाकडाच्या नि इंधनाच्या धुरापासून बनलेली हजारो संयुगे. ती पाणी घेतात की अडवतात? १९९५ मध्ये प्रदीप सक्सेना आणि सहकाऱ्यांनी दोन ठिकाणांच्या मोजमापांची तुलना केली. ग्रँड कॅन्यनजवळ सेंद्रिय भागामुळे कण जास्त पाणी घेत होते, लॉस एंजेलिसमध्ये कमी. दूरवर, उन्हात दिवसेंदिवस मुरलेली संयुगे ऑक्सिजन धरून पाण्याशी मैत्री करतात. शहराचा ताजा धूर तेलकट असतो. इथेही कण काय करणार हे त्याच्या वयावर आणि प्रवासावर ठरले.

त्यानंतरच्या वीस वर्षांत कणाच्या आत डोकावायची शर्यतच लागली. स्कॉट मार्टिन यांच्या गटाने अमोनियम सल्फेटच्या थेंबात खनिज धुळीचे सूक्ष्म कण टाकले, आणि जो थेंब ३५ टक्क्यांपर्यंत तग धरायचा तो ४५-५० च्या दरम्यानच स्फटिक झाला. अंगात धूळ असलेला कण लवकर वाळतो. उलट, शुद्ध अमोनियम नायट्रेटचे सूक्ष्म थेंब जवळजवळ कोरड्या हवेतही स्फटिक व्हायला तयार होत नाहीत. झुरिकमध्ये क्लाउडिया मार्कोली, उली क्रीगर आदींनी दाखवले की क्षार आणि सेंद्रिय पदार्थ एका थेंबात असले की आर्द्रता उतरताना ते वेगळे होऊ शकतात: आत खारे पाणी, बाहेर सेंद्रिय द्रवाचे आवरण. सेंद्रिय भागात दर कार्बन अणूमागे ऑक्सिजनचे अणू साधारण ०.८ पेक्षा कमी असतील तर अशी फारकत होऊ शकते. आणि २०१० मध्ये फिनलंडमध्ये अन्नेले विर्तानेन यांच्या गटाने ह्यूतियालाच्या पाइन अरण्यातले कण एका पट्टीवर आदळवले, तर ते चिकटण्याऐवजी उसळले. द्रव असते तर उसळले नसते. ते स्फटिकही नव्हते. ते काचेसारखे घन होते, रचना नसलेले. पाणी अशा कणाच्या गाभ्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. म्हणजे कण आपला भूतकाळ ओले-कोरडे होण्यापुरताच धरून ठेवत नाही. जुनी हवाच तो आत कोंडून ठेवतो.

एवढा गुंता हवामानाच्या गणिती प्रारूपात बसवायचा कसा? २००७ मध्ये मार्कस पेटर्स आणि सोनिया क्रायडेनवाइस यांनी सगळी आर्द्रताशोषकता एका संख्येत बांधली. मिठाची संख्या एकाच्या थोडी वर, अमोनियम सल्फेटची ०.६ च्या आसपास, बहुतेक सेंद्रिय पदार्थांची ०.१ च्या आगेमागे. मिश्र कणासाठी आकारमानाच्या प्रमाणात सरासरी घ्यायची. ढग तयार होतानाच्या, संपृक्ततेच्या वरच्या हवेसाठी ही युक्ती उत्तम चालते आणि तिने हजारो संशोधकांचे काम सोपे केले. पण खालच्या, ४० ते ७५ टक्क्यांच्या हवेत, जिथे आपण राहतो, तिथे ती कणाचा इतिहास पुसून टाकते. अनेक प्रारूपे एकतर सगळे कण ओले मानतात किंवा सगळे समतोलाप्रमाणे कोरडे मानतात. दोन्ही अर्धसत्ये आहेत.

दिल्लीच्या हिवाळ्यात हे अर्धसत्य चालत नाही. विमानतळावर धुक्यामुळे उड्डाणे खोळंबतात म्हणून पुण्याच्या त्याच संस्थेने २०१५ च्या हिवाळ्यापासून इंदिरा गांधी विमानतळावर धुक्याचे निरीक्षण सुरू केले. कण कोणत्या रसायनांचे, किती पाणी धरलेले, धुके कधी धरते आणि कधी विरते, याची तिथे रात्र-रात्र मोजणी होते. २०२१ मध्ये ‘नेचर जिओसायन्स’मध्ये आयआयटी मद्रासचे सचिन गुंठे आणि त्यांच्या भारतीय व परदेशी सहकाऱ्यांनी एक अनपेक्षित दोषी दाखवला: क्लोराइड. समुद्रापासून इतक्या दूर ते समुद्राच्या मिठातून आलेले असणे शक्य नव्हते. ते प्लास्टिकयुक्त कचरा जाळण्यातून आणि उद्योगांतून निघणाऱ्या हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफेतून आले होते. ती वाफ शेतातून, जनावरांतून, गटारांतून येणाऱ्या अमोनियाशी जुळते आणि थंड, दमट रात्री ओल्या कणांत उतरते. कण आणखी पाणी ओढतो, त्या पाण्यात आणखी वाफ विरघळते, कण आणखी फुगतो. दृश्यमानता जितकी घटते त्यातला सुमारे निम्मा वाटा या क्लोराइडने ओढलेल्या पाण्याचा असतो, असे त्यांचे गणित सांगते. म्हणजे कचऱ्याच्या ढिगाला लावलेली काडी पहाटे धावपट्टीवर धुके होऊन उतरते. हे टाळता येण्यासारखे आहे, आणि म्हणूनच मला ते जास्त सलते.

हवेच्या प्रदूषणाचा जो आकडा आपण रोज पाहतो, त्यातही हे पाणी लपलेले आहे. पीएम २.५ मोजायच्या मूळ पद्धतीत गाळणकागदावर जमलेले कण तोलण्याआधी ठरावीक आर्द्रतेच्या खोलीत ठेवतात. अमेरिकेत ३० ते ४० टक्के, युरोपात ४५ ते ५० टक्के. तीच धूळ दोन्हीकडे तोलली तर वजन सारखे येईलच असे नाही, कारण ४५ ते ५० टक्क्यांना ओल्या बाजूने आलेला कण अजून थोडे पाणी धरून असू शकतो. आणि तोलताना आपण कण कितीही वाळवला, तरी श्वासावाटे तो आत गेला की आर्द्रता ९९ टक्क्यांच्या वर असते. तिथे मीठ, सल्फेट, क्लोराइड पुन्हा पाणी ओढतात, काजळी फारसे ओढत नाही, काचेसारखा झालेला सेंद्रिय भाग सावकाश मऊ होतो. श्वसननलिकेत कण कुठे अडकेल, घशात, नळीत की अगदी खोल वायुकोशात, हे त्या क्षणीच्या त्याच्या आकारावर ठरते, म्हणजे त्याने वाटेत काय काय अंगावर घेतले यावर.